नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन प्रयोगांत अंतर केवळ एका वचनाचें आहे. पाळण्यांतल्या बाळाच्या कानांत आत्या जें कुजबुजते तें नांव ठेवणें. आणि तेंच बाळ वीस वर्षांचें होऊन आपल्या मनासारखें वागूं लागलें, म्हणजे तीच आत्या, तेच काका आणि तीच आजी माजघरांत बसून जें करतात तें नांवें ठेवणें. पहिलें कार्य एकदांच होतें. त्याला मुहूर्त लागतो, घुगऱ्या वांटल्या जातात. दुसऱ्याला मुहूर्त लागत नाहीं. आमच्या घरांत गेल्या गणेशचतुर्थीस हें दुसरें कार्य यथासांग पार पडलें, आणि त्याचें यजमानपद दुर्दैवानें आमच्याकडेच होतें. ती हकीकत सांगितल्यावांचून या लेखाला तोंड फुटणार नाहीं, म्हणून ती प्रथम सांगतों.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या परगांवीं महाविद्यालयांत शिकते. गणपतीस ती घरीं आली ती पायघोळ काळा झगा, काळे जड बूट, काळ्याच रंगानें रेखलेले ओंठ आणि गळ्यांत वटवाघळाच्या आकाराचें रुपेरी पदक, अशा वेषांत. वीसएक माणसांचें आमचें घर, सणाचा दिवस, ओटीवर पाहुणे. तिच्या आजीनें तोंड फिरविलें, जांवयांनीं विनोद केले, आणि आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें पानावर बसतां बसतां सर्वांना ऐकूं जाईल असें म्हटलें, “या हडळीच्या शेजारीं कोण बसणार बोला!” सगळे हंसले. तीहि थोडी हंसली. दुसऱ्या दिवसापासून लहान मुलें तिला ‘हडळताई’ म्हणूं लागलीं, आणि ती आपलें ताट घेऊन माडीवर जाऊं लागली. गौरी गेल्या त्या संध्याकाळीं ती आमच्या खोलीच्या दारांत उभी राहून म्हणाली, “काका, हडळ म्हणालात तें राहूं द्या. पण एक चित्रपट माझ्याबरोबर पाहाल का? दीड तासाचाच आहे.” नाहीं म्हणण्यासारखें तोंड आमच्यापाशीं उरलें नव्हतें.

तिनें दाखविलेल्या चित्रपटाचें नांव ‘मार्टिन’. हा अमेरिकन चित्रपट १९७६ च्या उन्हाळ्यांत चित्रित झाला आणि १९७८ सालीं तिकडील चित्रगृहांतून दाखविण्यांत आला. त्याचा लेखक, दिग्दर्शक आणि संकलक एकच, जॉर्ज रोमेरो (१९४०–२०१७). हा गृहस्थ हॉलिवुडपासून फार दूर, पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरीं राहून चित्रपट काढीत असे. १९६८ सालीं त्यानें ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा उठलेल्या प्रेतांचा चित्रपट सव्वा लाख डॉलरच्या आंत पुरा केला. तो जगभर गाजला. परंतु शेवटच्या घटकेस शीर्षक बदलतांना स्वामित्वहक्काची ओळ गळून गेली आणि अमेरिकन कायद्यानें तो चित्रपट कोणाचाच राहिला नाहीं. एका नांवाच्या बदलापायीं केवढी मालमत्ता हातची जाते पाहा!

‘मार्टिन’चा संसार त्याहूनहि आटोपशीर. चित्रण सोळा मिलिमीटरच्या अरुंद फितीवर, खऱ्याखुऱ्या घरांत आणि रस्त्यांवर झालें. लग्नघरांत जसा वधूचा मामाच वाढपी होतो आणि आचाऱ्याच्या हाताखालींहि तोच उभा राहतो, तसा येथें सारा प्रकार आहे. छायालेखन करणाऱ्या मायकेल गॉर्निक यानेंच चित्रपटांतील रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज दिला. रक्ताच्या युक्त्या बसविणाऱ्या टॉम साव्हिनीनें एक भूमिकाहि केली. तरुण पाद्री म्हणून खुद्द दिग्दर्शकच पडद्यावर येतो. नायकाचें काम जॉन ॲम्प्लास या तरुण नटाचें. आणि वृद्ध कुडाचें काम करणारे लिंकन माझेल हे प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक लोरिन माझेल यांचे वडील. हे लिंकन माझेल पुढें १०६ वर्षें जगले. पैसा थोडा असला म्हणजे माणसाला आपल्या अवतीभवतीं जें आहे त्याकडेच पाहावें लागतें, आणि या चित्रपटाचें सामर्थ्य नेमकें त्यांतच आहे.

रोमेरोच्या अवतीभवतीं होतें ब्रॅडॉक. मोनोंगाहेला नदीच्या कांठचें हें गांव पिट्सबर्गला लागूनच आहे. अँड्र्यू कार्नेगीनें तेथें १८७५ सालीं पोलादाचा मोठा कारखाना सुरू केला आणि १८८९ सालीं अमेरिकेंतील आपलें पहिलें सार्वजनिक ग्रंथालय त्याच गांवाला दिलें. युरोपांतून कामासाठीं आलेल्या कुटुंबांनीं गांव भरून गेलें. १९२० च्या सुमारास तेथें वीस हजारांवर वस्ती होती. पुढें पोलादाचा धंदा खालावला, तरुण पोटामागें बाहेर गेले, दुकानांना फळ्या लागल्या. २०२० च्या शिरगणतींत गांवांत दोन हजारहि माणसें निघालीं नाहींत. कारपेथियन पर्वतांतला ओसाड वाडा दाखविण्याची रोमेरोला गरजच पडली नाहीं. माणसांतलें रक्त आटत चाललेलें गांव त्याच्या दारांतच होतें.

कथा अशी. मार्टिन हा विशीच्या आंतबाहेरचा, लाजाळू, मितभाषी मुलगा. रात्रीच्या आगगाडींतून तो पिट्सबर्गकडे निघाला आहे. वाटेंत तो एका एकट्या स्त्रीच्या निजण्याच्या डब्यांत शिरतो, औषधाची सुई टोंचून तिला बेशुद्ध करतो, तिची विटंबना करतो आणि दाढीच्या पात्यानें तिच्या हाताची शीर कापून रक्त पितो. त्याला सुळे नाहींत, वटवाघूळ होऊन उडण्याची विद्या नाहीं, नजरेनें कोणाला वश करण्याची शक्ति नाहीं. आहे ती सुई, तें पातें, आणि मागून सर्व खुणा पुसून ठेवण्याची एखाद्या कारकुनाची दक्षता. सकाळीं त्याला उतरवून घेण्यास पांढरा पोशाख केलेला एक वृद्ध नातलग येतो, तो कुडा. घरांत पाऊल पडतांच वृद्ध त्याला ‘नोस्फेरातू’ म्हणून संबोधतो आणि बजावतो कीं, आधीं तुझ्या आत्म्याचा उद्धार करीन आणि मग तुझा नाश करीन. पण या गांवांतल्या एका जरी माणसाला हात लावलास तर उद्धाराची वाट न पाहतां संपवीन.

कुडाच्या घराण्यांत अशी समजूत चालत आली आहे कीं, कुळाला शाप आहे आणि पिढीपिढींतून एखादा असा रक्तपिपासू निपजतो. मार्टिन दिसण्यांत पोर असला तरी त्याचें वय चौऱ्याऐशीं आहे असें कुडा मानतो. आणि मार्टिनहि स्वतःचें वय तेवढेंच सांगतो! मधून मधून पडद्यावरचे रंग जातात आणि कृष्णधवल चित्रें दिसूं लागतात: जुन्या धर्तीचे वाडे, झुळझुळीत वस्त्रांतील स्त्रिया, मशाली घेऊन मागें लागलेला जमाव. या खऱ्या आठवणी, कीं जुने चित्रपट पाहून आणि घरच्यांच्या तोंडून ऐकून मुलानें स्वतःभोंवतीं विणलेलें स्वप्न, याचा निवाडा चित्रपट शेवटपर्यंत करीत नाहीं. तो प्रेक्षकावर सोपवितो.

आम्हांला खिळवून ठेविलें तें कुडानें. वाचकांनीं त्याला दुष्ट समजूं नये. तो नेमानें देवळांत जातो, वाणसामानाचें दुकान सचोटीनें चालवितो. नातवाच्या वयाच्या या नातलगाला तो आसरा देतो, दुकानांत काम देतो, वेळेवर जेवूं घालतो. कुळाचें ओझें इतरांनीं टाकलें तें त्यानें उचललें आहे. अशीं माणसें आपण पाहिलीं आहेत. खरें सांगावयाचें तर आपण तींच आहों. त्याचें एकच चुकतें. मुलाला काय होतें आहे हें तो एकदांहि विचारीत नाहीं. उत्तर त्याला आधींच ठाऊक आहे. तें त्याच्या आजोबांनीं त्याला दिलें आणि त्यांच्या आजोबांनीं त्यांना. दारावर लसणाच्या माळा टांगल्या, क्रूस लावला, म्हणजे कर्तव्य झालें.

मार्टिन काय करतो? तो त्या लसणाचा लचका तोडून चावून दाखवितो, क्रूस उचलून आपल्या गालाला लावतो, आणि शांतपणें सांगतो कीं, जादू म्हणून कांहीं नसतेच. पुढें एक प्रसंग तर अधिकच मर्मभेदक आहे. धुक्याच्या रात्रीं कुडा घरीं परतत असतां त्याच्यासमोर खराखुरा रक्तपिपासू उभा राहतो: काळा डगला, पांढराफटक चेहरा, लांब सुळे. वृद्धाची गाळण उडते. मग तो भयंकर प्राणी तोंडांतले खोटे सुळे थुंकून टाकतो, तोंडाचा रंग पुसतो, आणि आंतून मार्टिन निघतो. हा नुसता पोशाख आहे, असें त्याचें म्हणणें. वृद्ध ज्याला भितो तो डगला आणि तो रंग हें सोंग होतें. ज्याला भ्यावयास हवें होतें तें पातें रोज त्याच्याच घरांत साध्या सदऱ्याच्या खिशांत असे, आणि तें त्याला दिसलें नाहीं.

हा प्रसंग आला तेव्हां आमची पुतणी आमच्याकडे पाहत होती. आम्ही पडद्याकडेच पाहत राहिलों.

मार्टिनशीं माणसासारखें वागणारीं दोनतीनच माणसें कथेंत आहेत. एक कुडाची नात ख्रिस्तीना. हा मुलगा आजारी आहे, त्याला वैद्याकडे नेलें पाहिजे, घराण्याच्या या खुळानेंच तो बिघडला आहे, असें ती आजोबांना तोंडावर सांगते. ती आपल्या खोलींत स्वतःचा टेलिफोन बसवून घेते. परंतु त्या मरणपंथाला लागलेल्या गांवांत तिचा जीव गुदमरतो आणि ती गांव सोडून जाते. दुसरी सौ. सँटिनी ही एकाकी, दुःखी गृहिणी; ती मार्टिनला जवळ करते, आणि सुई-पात्यावांचून कोणाच्या सहवासांत राहतां येतें हें त्याला प्रथमच कळतें. तिसरा आहे तो नुसता आवाज. रात्रीं उशिरा मार्टिन रेडिओवरील एका कार्यक्रमाला टेलिफोन करतो आणि आपलें सारें खरें खरें सांगतो. निवेदक त्याला ‘काउंट’ म्हणतो आणि श्रोत्यांची करमणूक करतो. मुलगा कबुली देत असतो. जगाला तो गंमतीचा कार्यक्रम वाटतो. म्हणजे घरांत एक नांव आणि रेडिओवर दुसरें. ‘मार्टिन’ ही आईबापांनीं दिलेली हांक कोणाच्या फारशी तोंडांत नाहीं.

शेवट सांगितल्यानें कांहीं बिघडत नाहीं, कारण या चित्रपटांत रहस्य असें नाहींच. एके दिवशीं सौ. सँटिनी आपल्याच हातानें जीव देते. मार्टिनचा तिच्या मृत्यूशीं कांहीं संबंध नसतो. पण कुडाला पुरावा नको असतो. मार्टिन अंथरुणांत असतांनाच वृद्ध त्याच्या छातींत लांकडी मेख ठोकतो आणि त्याला परसांत पुरून टाकतो. जे अपराध मुलानें खरोखर केले त्यांची शिक्षा त्याला कोणीं दिली नाहीं. जो केला नव्हता त्याची मिळाली. इकडे रेडिओवर श्रोते विचारीत राहतात, काउंट कुठें गेला?

आमच्या वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. मार्टिन हा निरपराध बालक नव्हे. तो खुनी आहे, आणि त्यानें ज्या स्त्रियांचा घात केला त्यांच्या यातना दिग्दर्शकानें झांकून ठेविलेल्या नाहींत. म्हणूनच हा चित्रपट मुलाबाळांसह बसून पाहण्याचा नव्हे. परंतु याच कारणामुळें त्यांतला धडा अधिक कठोर आहे. घराण्यानें मुलाला ‘नोस्फेरातू’ म्हटलें नसतें तर तो बरा झाला असता, असें कोणी सांगूं शकत नाहीं. पण तें नांव दिल्यावर त्याला बरें करण्याचा प्रश्नच संपला, एवढें निश्चित. आणि त्या स्त्रियांना वांचविण्याचाहि. ज्याला पिशाच ठरविलें त्याला वैद्य लागत नाहीं, पोलीस लागत नाहीं, समजूत लागत नाहीं. लागते ती फक्त मेख.

आतां पुतणीच्या वेषाकडे वळूं. चित्रपट संपल्यावर आम्हीं तिला विचारलें कीं, हा मुलगा तर साधा सदरा घालतो. मग तुझ्या या काळ्या वस्त्रांचा आणि त्याचा संबंध काय? तिनें जें सांगितलें, आणि मग आम्हीं स्वतः वाचून जें पडताळलें, तें थोडक्यांत देतों.

पहिली गोष्ट ही कीं, रक्तपिपासूचें जें रूप आपल्या डोळ्यांपुढें येतें तें लोकांनीं ठिकठिकाणीं शिवलेलें आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालची. तींतला सरदार दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यांतून हिंडतो. उन्हानें त्याचा नाश होतो ही कल्पना १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटानें आणली. तोहि गरिबीचाच चित्रपट. स्टोकरच्या पत्नीची अनुमति न घेतां काढलेला असल्यामुळें तिनें फिर्याद केली, काढणारी कंपनी बुडाली, आणि सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला; तरी कांहीं प्रती वांचल्या. पुढें १९३१ सालच्या बोलपटांत बेला लुगोसी या हंगेरियन नटानें ड्रॅक्युलाची भूमिका केली आणि ती त्याला जन्माची चिकटली. १९५६ सालीं तो वारला तेव्हां त्याला डगल्यासकट पुरण्यांत आलें. आपलें नांव पुसून दुसऱ्याचें नांव अंगावर कायमचें चढतें तें असें.

१९७९ सालीं इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन गांवच्या बाउहाउस नांवाच्या चार तरुणांच्या वाद्यमेळानें या नटाच्या मृत्यूवर नऊ मिनिटांहून लांब असें एक उदास गीत ध्वनिमुद्रित केलें. १९८२ सालीं लंडनच्या सोहो भागांत ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, नांवाचा रात्रीचा क्लब निघाला. त्या वेळीं इंग्लंडमध्यें कारखाने बंद पडत होते, तरुणांना काम नव्हतें. काळे कपडे, पांढरा चेहरा, रेखलेले डोळे, पुरुषांनींहि ओंठ रंगविणें, जुन्या भयकथांची आणि स्मशानशांततेची आवड, असा एक पंथ तेथून पसरला. त्याला ‘गॉथ’ म्हणतात. रोमेरोचा मार्टिन या पंथाच्या आधींचा, पण दोघांचा प्रश्न एकच: दुसऱ्यांनीं दिलेल्या रूपाचें करावयाचें काय? मार्टिननें तें रूप मनांत गिळलें आणि तें त्याला आंतून खाऊं लागलें. या मुलांनीं तें उघड अंगावर घातलें आणि त्याचा खेळ केला.

खुद्द ‘गॉथ’ या शब्दाचा इतिहासच पाहा ना. गॉथ ही युरोपांतील एक लढवय्यी जमात. इसवी सन ४१० मध्यें त्यांच्या अलारिक राजानें रोम लुटलें, आणि ‘गॉथ’ म्हणजे रानटी असा अर्थ रूढ झाला. पुढें हजार वर्षांनीं इटालियन पंडितांना मध्ययुगीन टोंकदार कमानींचीं देवळें आवडेनाशीं झालीं, तेव्हां त्यांनीं त्या शिल्पाला शिवी म्हणून ‘गॉथिक’ म्हटलें. १७६४ सालीं होरेस वॉलपोल यानें ‘कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही भुताटकीची कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तींत तिला गॉथिक कथा असें म्हटलें. तेव्हांपासून भयकथांनाहि तें नांव मिळालें. शिवी म्हणून ठेविलेलें नांव पुढें मिरवण्याचें झालें तें इतकें कीं, एकोणिसाव्या शतकांत आपल्या मुंबईचें बोरीबंदर स्टेशन त्याच शैलींत उभें राहिलें. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें योजिलेली ती इमारत १८८८ सालीं पुरी झाली आणि २००४ पासून, छत्रपति शिवाजी टर्मिनस म्हणून, जगाच्या वारशांत गणली जाते. तिच्या भिंतींतून डोकावणाऱ्या दगडी प्राण्यांखालून रोज लक्षावधि माणसें कचेरीला जातात, आणि कोणाला हडळ आठवत नाहीं!

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिटबी नांवाचें मासेमारीचें गांव आहे. स्टोकर १८९० सालीं तेथें उतरला होता, आणि त्याच्या कादंबरींत ड्रॅक्युलाचें जहाज येऊन लागतें तें याच बंदरांत. १९९४ पासून तेथें गॉथ मंडळींचा मेळा भरूं लागला. लोक तेथें गाणीं ऐकतात, जुन्या धर्तीचे कपडे खरेदी करतात, समुद्रकांठच्या पडक्या मठापाशीं छायाचित्रें काढतात आणि चहा पितात, रक्त नव्हे. पॉल हॉडकिन्सन नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें, जो स्वतःहि या पंथांतला, २००२ सालीं या लोकांवर एक अभ्यासपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. ही चार दिवसांची लहर नसून परस्परांना ओळखणारी, टिकून राहणारी एक मंडळी आहे, असें त्यावरून दिसतें.

इथपर्यंत आम्ही कौतुकानें ऐकत होतों. मग तिनें सोफी लँकेस्टरची हकीकत सांगितली.

सोफी वीस वर्षांची, लँकेशायर परगण्यांतली, पुस्तकांची आवड असलेली मुलगी. ती आणि तिचा मित्र दोघेंहि गॉथ पोशाख करीत. ११ ऑगस्ट २००७ च्या रात्रीं बेकप गांवच्या एका बागेंतून जातांना पोरवयाच्या मुलांच्या टोळक्यानें तिच्या मित्राला मारहाण केली. तो खाली पडला. सोफी त्याचें डोकें मांडीवर घेऊन, त्याला सोडा म्हणून विनवूं लागली. तेव्हां त्यांनीं तिला लाथांनीं तुडविलें. तो जगला. ती २४ ऑगस्टला गेली. पांच मुलांना शिक्षा झाली. त्यांपैकीं दोघांना खुनाबद्दल जन्मठेप. भांडण नव्हतें, ओळख नव्हती, लुटायचें नव्हतें. हीं निरुपद्रवी माणसें केवळ निराळीं दिसत होतीं म्हणून त्यांच्यावर हा द्वेषाचा गुन्हा घडला, असें न्यायाधीशांनीं स्पष्ट म्हटलें.

तिच्या आईनें, सिल्विया लँकेस्टर यांनीं, दुःख उगाळीत न बसतां मुलीच्या नांवानें एक संस्था काढली आणि २०२२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या शाळाशाळांतून जाऊन मुलांशीं बोलत राहिल्या. २०१३ च्या एप्रिलमध्यें ग्रेटर मँचेस्टरच्या पोलीसखात्यानें अशा निराळ्या पोशाखाच्या लोकांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषाचे गुन्हे म्हणून करण्यास सुरुवात केली. त्या टोळक्यांतलीं मुलें आकाशांतून पडलेलीं नव्हतीं. तीं कुठल्या ना कुठल्या घरांतून आलीं होतीं, आणि निराळ्या माणसाला काय म्हणावयाचें हें तीं कोठें तरी ऐकून शिकलीं होतीं. आमच्या घरांतलीं चिमुकलीं मुलें ‘हडळताई’ हा शब्द कोणाकडून शिकलीं, हें आम्हांला आठवलें.

आमच्या पिढीचें म्हणणें अगदींच चुकीचें आहे असें मात्र आम्ही मानीत नाहीं. पोशाख म्हणजे माणूस नव्हे, हें तरुणांनींहि ध्यानांत ठेवावें. सर्वांहून निराळें दिसण्यासाठीं पन्नास जणांनीं एकसारखे काळे कपडे घालावे, यांत थोडी गंमत आहेच. शिवाय वडिलांच्या टोमण्यामागें पुष्कळदां काळजी असते: मुलगी उदास तर नाहीं, एकटी तर पडली नाहीं? ही काळजी योग्यच आहे. परंतु काळजीचा मार्ग प्रश्नाचा आहे. नांवें ठेवणें हा तो मार्ग नव्हे. काळे कपडे हा रोग नव्हे, आणि साधा सदरा ही निरोगीपणाची खूण नव्हे. मूल खरोखरच आजारी असेल तर ख्रिस्तीना म्हणत होती तेंच करावें: वैद्याकडे न्यावें. नसेल तर त्याला जेवायला बोलवावें.

आणि काळ्या रंगाचें आपल्याला एवढें वावडें तरी कशाला? संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची चाल आपलीच आहे. पिशाचांचें म्हणाल तर, वेताळाच्या ज्या पंचवीस गोष्टी आपण लहानपणीं ऐकल्या त्यांतल्या कांहीं रिचर्ड बर्टन यानें १८७० सालीं इंग्रजींत सांगितल्या तेव्हां त्यानें वेताळाला ‘व्हँपायर’ केलें. तोच वेताळ सिंधुदुर्गांतील आरवलीस वेतोबा होऊन गांवाची राखण करतो. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण रात्रीं गस्त घालून घालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. एका ठिकाणीं ज्याला मेख, दुसऱ्या ठिकाणीं त्याला वहाणा! मुळांत नांव कोण ठेवतो आणि कोणत्या बुद्धीनें ठेवतो, त्यावर सारें आहे. आपल्या घरांतून लग्नाच्या दिवशीं तबकांतल्या तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहून मुलीचें वीस वर्षांचें नांव एका क्षणांत पुसलें जात असे. तिला तें आवडलें का, हें विचारण्याची रीत नव्हती. आमच्या मातोश्रींना त्यांचें माहेरचें नांव आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. पुतणीशीं हें सारें बोलणें झाल्यावर, वयाच्या या टप्प्यावर, तें प्रथम विचारलें. त्यांनीं सांगितलें, आणि बराच वेळ त्या गप्प बसून राहिल्या.

परवांच्या संक्रांतीस पुतणी घरीं आली तेव्हां तोच पोशाख होता, तेंच वटवाघूळ गळ्यांत होतें. मातोश्रींनीं आपल्या जुन्या पेटींतून खडीची काळी चंद्रकळा काढून तिच्या हातांत ठेविली. ती तिनें आजीकडूनच नेसवून घेतली. ओंठ मात्र काळेच ठेविले. आजीनें पाहिलें आणि कांहीं म्हटलें नाहीं. पानें मांडलीं गेलीं. पोरांपैकीं एकानें संवयीनें “हडळताई, चल” म्हणून जिन्याखालून हांक दिली. आम्ही पाटावरून उठलों, जिन्यापाशीं गेलों, आणि बारशाच्या दिवशीं तिच्या आत्यानें ठेविलेल्या नांवानें तिला स्वतः हांक मारली. तिनें वरून “आलें, काका” असें उत्तर दिलें. त्या दिवशीं तिचें पान आमच्या शेजारीं होतें.